ज्याचे गेले, त्याची विचारपूस

मुलांनो, गारगोटीत कोणाकडे चोरी झाली, की ‘चोर सापडला का?’ असे जो तो विचारतो. ज्याचे गेले, त्याची विचारपूस कोण करतो? चोरास शिक्षा झाली, तरी त्या घरातील भय लगेच जात नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांनी फिर्यादीची प्रत फिर्यादीस किंवा पीडितास विनामूल्य द्यावयाची आणि तपास कोठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत कळवावयाचे आहे. हे योग्यच झाले. परंतु केवळ कागदाने धीर येतो काय? ठाण्याची पायरी चढताना निरपराध माणसाचेही पाय कापतात. सायकल चोरीस गेली तेव्हा माझेही कापले होते! म्हणून माझे मत असे, की अंमलदाराने आलेल्या माणसास आधी बसावयास सांगावे, पाणी द्यावे आणि मगच जबानी लिहून घ्यावी. तेवढा वेळ तपासातून वाया गेला, असे मी मानणार नाही.