भोंग्याची फिर्याद

माणसाने यंत्राला आधी हातपाय दिले, मग पोट दिले आणि वाचा दिली ती सगळ्यांत शेवटी. ती देतानाही हात इतका आखडता घेतला, की बिचाऱ्याच्या वाट्याला एकच अक्षर आले. कुकर शिट्टी मारतो, फ्रीजचे दार उघडे राहिले की तो पिपाणी वाजवतो, मोटारीत पट्टा बांधला नाही की ती कुरकुरते. घरच्या घरी या बोलीची आपल्याला सवय झालेली असते. शिट्टी झाली की गॅस बंद करावा, पिपाणी वाजली की दार लावावे, अर्थ ठरलेला. पण यंत्र ओरडते आहे आणि का ओरडते ते कळत नाही, अशी वेळ आली म्हणजे शहाण्यासुरत्या माणसांची मोठी गंमत होते. तीच वेळ भर समुद्रात आली, तर गंमत फार काळ टिकत नाही.

माझे एक स्नेही निवृत्त झाल्यावर मुंबई सोडून मांडव्याजवळ राहायला गेले. माणसाला उतारवयात एखादा छंद लागतो. यांना होडीचा लागला. वीसेक फुटांची फायबरची होडी आणि तिच्या पाठीला अडकवलेले पेट्रोलचे इंजिन, असा त्यांचा संसार. अशा इंजिनाला आउटबोर्ड म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली असे इंजिन विकायला काढले. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना, वल्ही मारता मारता ते विरघळून गेले आणि त्या वैतागातून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथेची हमी मी देत नाही. पण आइस्क्रीमपायी माणूस इंजिन करील, हे मला सहज पटते.

पावसाळा सरून समुद्र शांत झाला आणि स्नेह्यांनी मला फेरफटक्याचे बोलावणे धाडले. होडीत ते, त्यांच्या पत्नी, त्यांचा पुतण्या, पुतण्याची दोन मुले, मी आणि नाखवा. हा नाखवा म्हणजे शेजारच्या कोळीवाड्यातला, मासेमारीच्या होड्यांवर उभे आयुष्य काढलेला माणूस. बोलणे थोडे, समुद्राकडे पाहणेच जास्त.

वेगाने निघून पंधरा मिनिटे झाली असतील नसतील, तोच सुकाणूजवळचा भोंगा वाजू लागला. एकसारखा, न थांबता. स्नेह्यांनी वेग उतरवला. दोन-तीन मिनिटांत भोंगा गप्प. मागे वाकून पाहिले, तर इंजिनातून पाण्याची धार चांगली करंगळीएवढी पडते आहे. इंजिन बंद करून तेलाची पट्टी काढली; तेल भरपूर. पेट्रोलच्या गाळणीत पाणी उतरले आहे का पाहिले, नाही. बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, घट्ट. पुन्हा निघालो. पुन्हा पंधरा मिनिटे, पुन्हा तीच बोंब.

इथे जरा थांबून वाचकांना या इंजिनाचे पोट उघडून दाखवले पाहिजे. मोटारीसारखा रेडिएटर याला नसतो. पाण्यात बुडालेल्या पायाला बारीक फटींची जाळी असते. तिच्यातून समुद्राचे पाणी आत ओढले जाते, इंजिनात फिरून ते थंड करते आणि पुन्हा समुद्राला मिळते. हे ओढण्याचे काम इंपेलर नावाची रबरी पाकळ्यांची चकती करते. पाणीच तिचे वंगण. कोरडी फिरली, तर फार थोड्या वेळात तिच्या पाकळ्या फाटतात. आत गेलेल्या पाण्यातली एक बारीक धार मुद्दाम बाहेर दिसेल अशी सोडलेली असते. ती पडते आहे तोवर पंप चालू आहे, एवढे त्यावरून कळते. एवढेच कळते, हे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा मिठाच्या पुटाने वाटा चोंदल्या असतील, तर कित्येक इंजिनांत धार जोरात पडत असतानाही आत आग पेटलेली असते.

भोंग्याच्या पाठीमागे एकटा उष्णतेचा पहारेकरी नसतो. तेलाचा दाब पाहणारा असतो, काही इंजिनांत पेट्रोलातले पाणी पाहणाराही असतो. आणि या सगळ्यांना मिळून तोंड एकच. सलग वाजणे म्हणजे काय आणि थांबून थांबून वाजणे म्हणजे काय, हे इंजिनाच्या पुस्तकात छापलेले असते. पण ते पुस्तक कपाटात असते आणि आपण पाण्यात! शिवाय हे पहारेकरी अगदीच निष्पाप असतात असेही नाही. खाऱ्या हवेने तार कुजते, तिचे आवरण झिजते, उघडी तार इंजिनाच्या अंगाला टेकते, आणि काही बिघडलेले नसताना भोंगा टाहो फोडतो. खोटी फिर्याद ही काल्पनिक गोष्ट नव्हे. म्हणूनच पुढचा प्रसंग घडला.

पुतण्या संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "काका, धार आहे, तेल आहे, सगळं ठीक आहे. सेन्सर खराब झालाय. भोंग्याची वायर काढून टाका आणि चला पुढे. मुलांना घारापुरी दाखवायची आहे ना?" मुलांनी अर्थातच एकमुखाने अनुमोदन दिले. तर्कात वरवर खोट नव्हती. स्नेह्यांचा हात वायरीकडे गेलाही असता. पण तोवर नाखवा बोलला, "साहेब, वायर तोडल्यावर वरडायचा थांबंल. पर वरडतो कशापायी, ते कोन सांगल?" मग त्याने पाण्याकडे बोट केले. ओहोटी लागली होती. इंजिन बंद पडले, तर पाणी होडीला बाहेर ओढणार, आणि वल्ही होती दोन. वहिनींनी धाकट्याला मांडीवर घेतले आणि एवढेच म्हटले, "परत चला." हळूहळू, होडी चालती ठेवण्यापुरत्या वेगाने, आम्ही मांडव्याला परतलो. भोंगा वाटेत एकदाही वाजला नाही. मुले रुसली. घारापुरीची लेणी कित्येक शतके तिथेच आहेत, ती पुढच्या रविवारीही असतील, हे त्यांना काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने धक्क्याला बांधलेल्या होडीचे इंजिन चालू केले, दुरून उष्णता मोजायचे यंत्र इंजिनाच्या अंगावर रोखले, तारा तपासल्या, तेलाचा दाब पाहिला. सगळे जिथल्या तिथे. अर्धा तास इंजिन मंद धडधडत राहिले. भोंगा मौनव्रत धरून. मिस्त्री म्हणाला, "सेन्सर बदलून टाकतो." म्हणजे फिरून तेच, फक्त वायरीऐवजी सेन्सर, आणि फुकटऐवजी बिल.

तेव्हा नाखवा धक्क्यावरून म्हणाला, "तो धावताना वरडतो. तुमी त्याला उभा करून इचारता. कसा सांगल?"

या एका वाक्यावर मी या लेखाचा सगळा डोलारा उभा केला आहे. आदल्या दिवशी आम्ही धार पाहिली होती, पण केव्हा? वेग उतरवल्यानंतर! वेगात असताना सगळ्यांची तोंडे पुढे, आणि मागे नुसते उसळलेले पाणी. धार त्या वेळी पडत होती की नाही, हे कोणी पाहिलेच नव्हते. मिस्त्रीला पाठीमागे बसवून, नजर धारेवर ठेवून, धक्क्याजवळच्याच पाण्यात होडी वेगाने पळवली. वेग वाढला तशी करंगळीएवढी धार सुतळीएवढी झाली. वेग उतरवताच पुन्हा करंगळीएवढी. तेवढे पुरे होते.

इंजिन उचलून मिस्त्रीने पायाची जाळी स्क्रू काढून खोलली. बाहेरून जाळी स्वच्छ होती. आत मात्र विड्याच्या पानाएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, बहुधा दुधाच्या पिशवीचा, एका कडेला चिकटून बसलेला. हळू चालताना तो बाजूला लोंबत राही. वेग वाढला, ओढ वाढली, की पडद्यासारखा वाटेवर पसरे. वेग उतरला की पुन्हा साळसूद. पोलीस आले की पानपट्टीवर उभा राहणारा गुंडच म्हणा ना! भोंगा अक्षरशः खरे बोलत होता. आम्हीच त्याच्या साक्षीची वेळ चुकवीत होतो. तापलेल्या रबराचा भरवसा नको, म्हणून मिस्त्रीने इंपेलरही बदलला. वायर तोडून तसेच घारापुरीला गेलो असतो, तर इंजिन भाजून बसले असते, आणि तेही ओहोटीत.

या एकाक्षरी भाषेचा दोष माणसाला किती महाग पडतो, याचे एक उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीचे विमान सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. आतल्या हवेचा दाब राखणारे बटण चुकीच्या जागी राहिले होते. विमान वर चढताना इशाऱ्याचा भोंगा वाजला. पण त्या विमानात तोच आवाज दुसऱ्या एका गोष्टीसाठीही होता. उड्डाणाआधी जमिनीवर काही मांडणी चुकली, तर तोच भोंगा वाजे. वैमानिकांनी तो जमिनीवरचा अर्थ धरला आणि त्याचे कारण शोधत राहिले. तोवर हवा विरळ होऊन त्यांची शुद्ध हरपली. इंधन संपेपर्यंत विमान आपले आपण उडत राहिले आणि ग्रीसच्या डोंगरात कोसळले. आतले १२१ जण गेले. भोंगा वाजला होता, त्यांनी ऐकलाही होता. अर्थ तेवढा दुसरा लावला.

म्हणून भोंग्याशी वागायची रीत साधी आहे. त्याने तोंड उघडले की आधी वेग उतरवावा, गरज वाटली तर इंजिन बंद करावे. मग धार, तेल, गाळणी, बॅटरी, या क्रमाने एकेकाला विचारावे. सगळे निर्दोष ठरले, तरी भोंग्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. तो कोणत्या वेगाला, किती मिनिटांनी आणि किती वेळ वाजला, हे कागदावर मांडावे, आणि किनाऱ्याजवळ, मदत हाताशी असताना, तीच परिस्थिती पुन्हा उभी करून पाहावी. सेन्सर नासका निघाला, तर खुशाल बदलावा. पण आरोप सिद्ध झाल्यावर.

दिवाळीच्या सुटीत वाचकांपैकी काहीजण होडीत बसतीलच. त्यांना एकच विनंती. धक्का सोडण्यापूर्वी इंजिनाची चावी फिरेल, तेव्हा कान द्या. पुष्कळ इंजिनांचा भोंगा त्या वेळी क्षणभर बोलून गप्प होतो. ती त्याची हजेरी असते. आपल्या होडीचा भोंगा अशी हजेरी देतो का, हे नाखव्याला विचारून घ्या. देत असेल आणि त्या दिवशी मुका राहिला, तर कोणीतरी कधीतरी कंटाळून त्याची वायर काढली असण्याचा संभव आहे. अशा वेळी लेणी पुढच्या रविवारी पाहावीत.