पदक देणारा हात कोणाचा?

अभिनयाच्या वार्षिक पारितोषिक समारंभांविषयी सोलापूर जिल्ह्याला आस्था वाटावी, हे स्वाभाविकच आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे याला २०१३ सालचे राष्ट्रीय बालकलाकार पारितोषिक विभागून मिळाले. अकलूजच्या रिंकू राजगुरू हिच्या ‘सैराट’मधील कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला, तोही २०१६ च्या एप्रिलमध्ये चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी. सोलापुरात वाढलेले अतुल कुलकर्णी ‘हे राम’ व ‘चांदनी बार’ या चित्रपटांसाठी दोनदा राष्ट्रीय सन्मानाचे मानकरी ठरले. ज्यांच्या बोलीला आणि वर्णाला पडद्याने वर्षानुवर्षे नोकराच्या भूमिकेपलीकडे जागा दिली नाही, त्यांची मुले नायक झाली. हा अभिमान सार्थच आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न विसरला जातो: पदक देणारा हात कोणाचा?

दूरचित्रवाणीवरील बहुतेक समारंभांत तो हात मालकाचा असतो. झी मराठीसारखी वाहिनी दरवर्षी आपल्याच मालिकांतील कलावंतांना आपल्याच मंचावर गौरवते आणि तो सोहळा जाहिरातींसह आपल्याच प्रेक्षकांना दाखवते. स्पर्धा घरची, परीक्षा घरची, नफाही घरचा! प्रेक्षकांची मते मागवली म्हणून याला लोकशाही म्हणता येत नाही. उमेदवारांची यादी मालकाने ठरवल्यावर मतदाराच्या हाती उरतो तो केवळ शिक्का. गिरणीमालकाने दिवाळीला बक्षिसी वाटली म्हणून पगारवाढीचा प्रश्न सुटत नाही, हे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीच्या भोंग्यावर दिवस काढलेल्या शहराला शिकवावे लागू नये.

या संदर्भात अमेरिकेचा इतिहास उद्बोधक आहे. ऑस्कर देणारी अकादमी १९२७ साली स्थापन झाली ती स्टुडिओमालक लुई मेयर यांच्या पुढाकाराने, आणि कामगार संघटनांना चित्रपटधंद्यापासून दूर ठेवणे हा तिच्या हेतूंपैकी एक होता. गौरवाचे गाजर आणि संघटनेला अटकाव, दोन्ही एकाच छपराखाली! तरीही १९३३ साली नटांनी आपली संघटना उभारली. १९९५ पासून ती संघटना चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतील अभिनयासाठी स्वतःची पारितोषिके देते. तेथे अंतिम मत कलावंत सभासदांचे असते; एकट्या ताऱ्याबरोबर संपूर्ण नटसंचाचा आणि जोखमीची साहसदृश्ये करणाऱ्यांचाही सन्मान होतो. त्या सोहळ्यातही झगमगाट आहे, बाजार आहे; ते नाकारण्याचे कारण नाही. पण तीच संघटना २०२३ साली ११८ दिवसांचा संप लढली. मोबदला आणि कलावंताच्या चेहऱ्याचा व आवाजाचा यंत्राकरवी होणारा वापर हे तिचे प्रश्न होते. गौरव करणारे हात आणि झेंडा धरणारे हात तेथे वेगळे नाहीत.

कलावंत हा कामगार नव्हे, असा आक्षेप घेणारे मध्यमवर्गीय रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी विडी वळणाऱ्या सोलापूरच्या बाईला विचारावे. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मालिकेतील दुय्यम नटाचा मोबदला दिवसावर ठरतो आणि तो नव्वद दिवसांनी हाती पडण्याची प्रथा या धंद्यात रूढ आहे. चित्रपट कामगारांसाठी संसदेने १९८१ साली स्वतंत्र कायदे केले, ते कलावंतही श्रमिक आहे हे ओळखूनच. पुढे २०२० च्या श्रमसंहितांत ते विलीन करण्यात आले. त्या वेळी पारितोषिकांच्या कोणत्या मंचावरून चिंतेचा एक शब्द तरी उमटला?

शासकीय सन्मान मालकांच्या समारंभांहून श्रेष्ठ आहेत, कारण तेथे परीक्षक मंडळ असते आणि ‘फँड्री’सारख्या कृतीची दखल घेतली जाते. परंतु तेथेही जागरूकता हवी. २०१८ साली राष्ट्रपती केवळ ११ पारितोषिके स्वहस्ते देणार, असे ऐन वेळी कळताच पन्नासहून अधिक विजेत्यांनी समारंभाकडे पाठ फिरवली. सन्मानाची प्रतिष्ठा एकजुटीनेच राखता येते, याचा तो धडा होता.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या समारंभांना केवळ नाके मुरडू नयेत. भांडवली करमणूक म्हणून ते झिडकारणे सोपे आहे. पण त्याने ना नटाचे थकलेले पैसे मिळतात, ना अकलूज-करमाळ्याच्या मुलांना दुसरी संधी. मराठी कलावंत आणि तंत्रज्ञ यांच्या संघटनांनी स्वतःच्या मतदानाने पारितोषिके द्यावीत, त्यांत नटसंच, प्रकाशयोजक व रंगभूषाकार यांना स्थान असावे, आणि ज्या निर्मात्याने मजुरी थकवली त्याची कृती विचारातच घेऊ नये, ही मागणी लावून धरली पाहिजे. असा पहिला समारंभ सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात का होऊ नये? ज्या शहराने १९३० साली परकीय सत्तेचा लष्करी कायदा सोसला, तेथे श्रमाचा सन्मान श्रमिकांच्याच हातून व्हावा, यात नवल काय?