खोक्यावरचे वॉट, खोलीतला आवाज

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीला १८ टक्क्यांचा दर १ जानेवारी २०१९पासूनच लागू होता. म्हणजे पावणेसात वर्षे पडद्याचा कर्ण किती, यावर कर ठरत होता. ती रेघ आता पुसली गेली.

कर १० टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमतही १० टक्क्यांनी उतरणार, असे ग्राहक धरून चालतो आणि काउंटरवर वाद होतो. करापूर्वी ५०,००० रुपयांचा टीव्ही आधी ६४,००० रुपयांना पडत होता, आता ५९,००० रुपयांना पडतो. फरक ५,००० रुपयांचा, म्हणजे जुन्या किमतीच्या ७.८ टक्के. हा हिशेब दुकानात ठळक लिहून लावला, तर निम्मे वाद तिथेच मिटतात. विक्रेत्याची खरी अडचण निराळी आहे. २८ टक्के कर भरून घेतलेल्या मालाचे क्रेडिट बुडत नाही, विक्रीवरच्या करात ते वळते करता येते. पण दर उतरल्यामुळे साचलेल्या क्रेडिटचा परतावा मिळत नाही. ज्यांनी दसरा-दिवाळीसाठी गोदाम भरून ठेवले होते, त्यांचे भांडवल ऐन हंगामात लेजरमध्ये अडकले. त्यात जुन्या मालावरच्या एमआरपीविषयी केंद्राच्या वैधमापन विभागाने ९ सप्टेंबरला एक पत्र काढले आणि १८ सप्टेंबरला दुसरे. पहिल्यात घातलेली वृत्तपत्रांतील जाहिरातीची अट दुसऱ्यात काढून टाकली. अंमलबजावणीला चार दिवस उरले असताना नियम बदलणे म्हणजे छोट्या दुकानदाराला वेठीस धरणे आहे.

या कपातीचा परिणाम निवडीवरही झाला आहे. ४३ इंच बघायला आलेला ग्राहक ५५ इंचांवर जातो, ५५ बघायला आलेला ६५वर. साउंडबारच्या करात काही बदल झालेला नाही, त्यामुळे वाचलेला सगळा पैसा इंचांत जातो आणि आवाजासाठी उरले ते दोन-चार हजार. घरच्या थिएटरची सुधारणा अशाने अर्धवट राहते. टीव्ही जितका पातळ, तितके त्यातले स्पीकर लहान आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. चित्र मोठे झाले आणि संवाद तसाच दबका राहिला, तर महिन्याभरात तक्रार दुकानातच येते.

निवडीची सुरुवात खोलीच्या मापापासून होते. पडदा डोळ्यांसमोर ३० अंशांचा कोन व्यापतो, ते अंतर कर्णाच्या साधारण १.६ पट असते. ४० अंशांसाठी ते १.२ पट होते. ३० अंशांच्या हिशेबाने ४३ इंचांसाठी सुमारे ६ फूट, ५५साठी साडेसात फूट, ६५साठी पावणेनऊ फूट आणि ७५साठी दहा फूट अंतर बसते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफ्याची खोली वजा जाता आठ ते दहा फूट उरतात. तिथे ५५ किंवा ६५ इंच योग्य ठरतो.

हे गणित चांगल्या सिग्नलसाठी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनेक घरांत मराठी वाहिन्या अजून केबल किंवा डीटीएचच्या एसडी पॅकवर पाहिल्या जातात. त्या सिग्नलच्या ५७६ रेषा ४के पॅनेलच्या २,१६० रेषांवर ताणाव्या लागतात. ६५ इंचांवर आठ फुटांवरून पाहिले, तर चेहऱ्यांच्या कडा फाटलेल्या दिसतात आणि दोष टीव्हीच्या माथी येतो. घरात कोणता बॉक्स आहे, पॅक एचडी आहे का आणि ओटीटी किती पाहिले जाते, हे तीन प्रश्न मॉडेल दाखवण्याआधी विचारलेच पाहिजेत. शोरूममधली ४के क्लिप या तिन्हींचे उत्तर देत नाही.

पॅनेलची निवड बसण्याच्या पद्धतीवर ठरते. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट सामान्यतः ३,०००:१च्या पुढे असतो, आयपीएसचा १,०००:१च्या आसपास. मात्र बाजूने पाहताना व्हीएचे रंग फिके पडतात. जिथे दोघे-तिघे समोर बसतात आणि रात्री दिवे मालवून सिनेमा लावतात, तिथे व्हीए द्यावा. जिथे सणाला सगळे कुटुंब हॉलभर पसरून बसते, तिथे रुंद कोनाचे पॅनेल द्यावे. ओएलईडीचा काळा रंग सर्वांत खोल. पण ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत वृत्तवाहिनी चालू असते, तिथे तळाची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो पॅनेलवर कायमचा उमटण्याचा धोका ग्राहकाला आधी सांगावा. एचडीआरचा शिक्का टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो एवढेच सांगतो. एचडीआरचे चित्र बहुधा १,००० निटचा पडदा समोर ठेवून तयार केलेले असते. २५०-३०० निटचा पॅनेल ते दाबून दाखवतो आणि एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट काळवंडते. ‘१२० हर्ट्झ’ हा आकडा पॅनेलचा की सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम भरून दाखवलेला, हेही तपासावे. खऱ्या १२० हर्ट्झच्या पॅनेलवर सिनेमाच्या २४ फ्रेम पाचाच्या समान पटीत बसतात. ६० हर्ट्झवर त्या दोन-तीनच्या विषम तालात दाखवाव्या लागतात आणि संथ फिरणारा कॅमेरा अडखळतो.

टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये एक केबल असते आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. एचडीएमआय १.४सोबत २००९ साली एआरसी आले, २.१सोबत २०१७ साली ईएआरसी. ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जातो. ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडीला मात्र ईएआरसी लागते. ऑप्टिकल केबलवरून डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, तिथे ५.१चा जुना डॉल्बी डिजिटल हीच सीमा. तरीही अ‍ॅटमॉसचा साउंडबार ऑप्टिकलवर जोडून देणारे इन्स्टॉलर आजही आहेत. काही जण एआरसी लिहिलेल्या पोर्टमध्ये स्ट्रीमिंग स्टिक खोचतात आणि साउंडबार ब्लूटूथवर सोडतात. काहींच्या जोडणीत टीव्हीचा डिजिटल आउटपुट पीसीएमवरच राहतो, मग पाच वाहिन्यांचा साउंडबार दोनच वाहिन्या ऐकवतो. या चुका दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात. वीस-तीस हजारांचे यंत्र विकून ही पाच मिनिटे न देणे या व्यवसायाला शोभत नाही.

सर्वांत मोठा घोळ वॉटचा आहे. साउंडबारच्या खोक्यावर वॉट सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. तो आकडा आरएमएस आहे की क्षणिक कमाल, किती टक्के डिस्टॉर्शनला मोजला, एका वाहिनीचा की सब-वूफरसह सगळ्यांची बेरीज, हे बहुतेक खोक्यांवर सापडत नाही. १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आकडा १ टक्क्याच्या आकड्यापेक्षा मोठा भरतो. पण १० टक्क्यांवर शब्द फाटलेला ऐकू येतो. पीएमपीओचा जमाना गेला असे म्हटले जाते. अक्षरे गेली, प्रथा राहिली.

दावा पडताळण्याची सोपी जागा ॲडॉप्टर आहे. त्यावर १९ व्होल्ट आणि ३ अँपिअर लिहिले असेल, तर तो सतत ५७ वॉटच पुरवू शकतो. कपॅसिटरमधून एखाद्या धडाक्यापुरती जास्त शक्ती मिळते. पण त्या ॲडॉप्टरवर चालणारा साउंडबार सतत ३०० वॉट देतो हा दावा भौतिकशास्त्राला धरून नाही. थेट मेन्सवर चालणाऱ्या साउंडबारच्या मागच्या पट्टीवर वीजवापराचा आकडा असतो. सुरक्षा चाचणीत तो कमाल आउटपुटच्या आठव्या भागावर मोजण्याची पद्धत आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. शिवाय वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ३०० आणि ६०० वॉटच्या दोन साउंडबारांत किमतीचा फरक जितका मोठा दिसतो, तितका आवाजाचा नसतो.

वैधमापनाच्या २०११च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. टीव्हीचा कर्ण सेंटिमीटरमध्ये द्यावा लागतो. बीईईचे तारे वीजवापर सांगतात, बीआयएसची नोंदणी सुरक्षितता पाहते. ज्या आकड्यावर ग्राहक पैसे मोजतो, तो वॉटचा आकडा कसा मोजला हे सांगण्याची सक्ती या यादीत कुठेच नाही. निरीक्षक दुकानात येतो आणि स्टिकरवरचा एमआरपी तपासून जातो. त्याच खोक्यावरचे फुगवलेले वॉट त्याच्या तपासणीत येत नाहीत. वैधमापन खात्याचे कामच माप खरे आहे की नाही हे पाहणे आहे. वॉट हेही माप आहे. किराणा दुकानातल्या तराजूला जो न्याय लागतो, तो इथे का लागू नये, याचे उत्तर खात्याने द्यायला हवे.

वॉटच्या जागी वाहिन्यांचा आकडा वाचायला शिकवणे हे विक्रेत्याचे काम आहे. ३.१.२ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या वाहिन्यांचा, दुसरा सब-वूफरचा, तिसरा उंचीवरच्या वाहिन्यांचा. तिसरा आकडाच नसेल आणि खोक्यावर ॲटमॉस लिहिले असेल, तर उंचीचा आभास निव्वळ प्रक्रियेतून निर्माण होतो. ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार झाला, तिथला प्रेक्षक आजही आधी संवाद ऐकतो. जुने मराठी चित्रपट मोनो आहेत, मराठी वाहिन्या बहुतांश स्टिरिओ. त्यांच्यासाठी स्वतंत्र सेंटर वाहिनी असलेला ३.१ साउंडबार हा ॲटमॉसचा शिक्का असलेल्या २.१पेक्षा केव्हाही सरस.

वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर घ्यायचे, तर छत पाहावे लागते. त्यांना सपाट आणि आवाज परतवणारे छत लागते, साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे. राजारामपुरी किंवा कळंब्याच्या फ्लॅटमधल्या स्लॅबखाली ते चालतात. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तुळयांच्या छताखाली आवाज विखुरतो. आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या उतरत्या कौलारू घरांत तो श्रोत्यापर्यंत परत येतच नाही, आणि पत्र्याच्या छपरावर पावसाळ्यात दुसरे काही ऐकूच येत नाही. अशा घरात ५.१.२चे पैसे घेणे ही फसवणूक आहे. तिथे मागे वेगळे स्पीकर असलेला ५.१ संच द्यावा.

बसवणीतही खोली पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंतीत नुसता प्लास्टिकचा प्लग पकड घेत नाही. तिथे आरपार बोल्ट, लाकडी फळी किंवा सरळ टेबल-स्टँड हाच मार्ग. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरलेल्या वस्त्यांत तळमजल्यावर सब-वूफर ठेवताना तो चटकन सोडवून वर नेता येईल अशी वायर ठेवावी. फ्लॅटमध्ये सब-वूफरखाली रबरी पॅड द्यावा, कारण बास भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त जातो. निवासी क्षेत्रासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विक्रेत्याची जबाबदारी वाढवली आहे. उत्पादकापेक्षा वेगळी हमी स्वतःहून दिली किंवा वस्तू बसवताना वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यातून इजा वा नुकसान झाले, तर विक्रेत्यावरही दावा होऊ शकतो. गुणवत्तेविषयी खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘सहाशे वॉटचा आहे, घर हलेल’ हे वाक्य जिल्हा ग्राहक आयोगासमोर महागात पडू शकते.

म्हणून कोल्हापुरातल्या विक्रेत्यांनी आणि इन्स्टॉलरांनी कंपनीची किंवा खात्याची वाट न पाहता काही गोष्टी स्वतः सुरू कराव्यात. कोटेशनमध्ये पाहण्याचे अंतर, छताचा प्रकार आणि घरातला सिग्नल लिहावा. बिलावर साउंडबारच्या वाहिन्या लिहाव्यात. आरएमएस आणि त्याचे डिस्टॉर्शन कंपनीकडून लेखी मागवावे आणि मिळाले नाही तर बिलावर वॉटचा आकडा लिहू नये. डेमोला स्फोटांची क्लिप लावण्याऐवजी मराठी संवादाचा प्रसंग लावावा, आवाज घरात ऐकतात तेवढाच ठेवावा. एकूण रकमेतला किमान चौथा हिस्सा आवाजासाठी राखायला सांगावे. करकपातीतून वाचलेले पैसे आधी तिकडे वळवावेत. जोडणीनंतर एआरसी, पीसीएम आणि ओठ-आवाजाचा मेळ तपासून ग्राहकाची सही घ्यावी. व्यापारी संघटनांनी एकत्र येऊन वैधमापन खात्याकडे एकच मागणी लावून धरावी: वॉट छापायचे असतील, तर मोजण्याची पद्धत त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. पुढच्या पाडव्याच्या खरेदीआधी हे निवेदन खात्याच्या टेबलावर पोचले पाहिजे, आणि त्यावर जिल्ह्यातल्या प्रत्येक शोरूमची सही असली पाहिजे.