डिफरन्शियल बांधून घेतलंय? ‘टकाटक झाला’ यावर विसंबू नका, गॅरेजकडे ही तीन उत्तरं मागा

मालवणहून मासळी भरून कोल्हापूरला निघालेली पिकअप फोंडा घाटाला लागली, की मागच्या ॲक्सलची खरी परीक्षा सुरू होते. आमच्या काकांच्या पिकअपचं डिफरन्शियल गेल्या वर्षी बांधून घेतलं. गॅरेजवाल्याने सांगितलं, “टकाटक झाला, घेवन जावा.” कसाल रस्त्यावर एक फेरीही मारून दाखवली. तिसऱ्या खेपेला घाटात घरघर सुरू झाली. काका म्हणाले, “गाडी चलता मां? मग कित्याक परत खोलूक व्हयी?” पंधरा दिवसांत क्राऊनचे दात गेले आणि ऐन हंगामात गाडी उभी राहिली.

चूक एकट्या मेकॅनिकची नव्हती. आम्हीही काही विचारलं नाही. इंजिनिअरिंगला ज्याची आकृती काढून मी मार्क मिळवले, त्याबद्दल गॅरेजमध्ये एक प्रश्न मला सुचला नाही. म्हणून हा लेख.

डिफरन्शियल करतं काय?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना जोर देत त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं, हे डिफरन्शियलचं काम. बोलेरो, ईको, टाटा एस यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते मागच्या हौसिंगमध्ये असतं. अल्टो, वॅगन आर यांसारख्या गाड्यांत ते गिअरबॉक्समध्येच असतं आणि ऑइलही एकच असतं.

आवाज कधी येतो, ते आधी बघा

- ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर ‘हूंऽऽ’ बदलत असेल, तर संशय क्राऊन-पिनियनवर.
- ॲक्सिलरेटर कसाही असला तरी वेगाबरोबर घरघर वाढत असेल, तर बेअरिंग.
- गाडी उचलताना ‘खट्’ होत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा. अनेकदा दोष तिथेच असतो.
- फक्त वळणावर आवाज येत असेल, तर आतले छोटे गिअर किंवा चाकाचं बेअरिंग.
- रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर टायर.

एवढं सांगता आलं, तरी विनाकारण हौसिंग उघडणं टळू शकतं.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न

पहिला, बॅकलॅश किती ठेवला? क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली ही मोकळीक हलक्या गाड्यांत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते, म्हणजे कागदाच्या एक-दोन पानांएवढी. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो डायल गेजनेच कळतो, हाताने हलवून नाही.

दुसरा, दातांचा ठसा कुठे पडला? दातांना रंग लावून गिअर फिरवला की ते कुठे टेकतात ते दिसतं. ठसा दाताच्या मध्याजवळ हवा. मोबाइलवर त्याचा फोटो मागा. घाट चढताना दाताची एक बाजू काम करते, उतरताना इंजिनवर गाडी रोखली की दुसरी. म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो हवा.

तिसरा, क्राऊन-पिनियन जोडीने बदलले का? ते एकमेकांशी जुळवून जोडीनेच बनवले जातात. एक जुना, एक नवा ही काटकसर पुढे महागात पडते.

पहिले ५०० किलोमीटर

नवे दात आधी एकमेकांत बसावे लागतात. पहिली फेरी १५-२० किलोमीटरची, रिकाम्या गाडीने करा आणि मग हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या. पुढचे ५०० किलोमीटर भरलेली खेप आणि टोइंग टाळा. त्यानंतर ऑइल बदला. ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच वापरा. अशा अनेक गाड्यांत जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं. निघालेल्या ऑइलमध्ये राखाडी, मऊ लगदा दिसला तर काळजी नको. लोखंडाचे कण बोटाला टोचले, तर मात्र परत गॅरेज गाठा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी

हौसिंगवर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते. बर्फाचं खारं पाणी ठिबकून किंवा वाळू बसून ती बुजली, की आतला दाब ऑइल सीलवर येतो आणि गळती सुरू होते. दुसरा धोका म्हणजे, घाटातून तापून आलेली गाडी लगेच किनाऱ्यावर पाण्यात घालणं. हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं, तर त्याच दिवशी बदला.

मग हे काम करायचं कधी?

माझं मत स्पष्ट आहे. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. मासळीच्या अनेक गाड्यांना तेव्हा भाडं कमी असतं. डिफरन्शियल त्याच काळात बांधून घ्या, म्हणजे ते ५०० किलोमीटर रिकाम्या गाडीने होतील. हंगामात ‘आज बांधा, उद्या खेप’ असा तगादा लावायचा आणि गिअर गेले की मेकॅनिकला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

गॅरेजवाल्यांनीही बिलावर तीन ओळी लिहायला हव्यात: बॅकलॅशचा आकडा, ऑइलचा ग्रेड आणि ऑइल बदलण्याची तारीख. भरलेल्या गाडीचं पिनियन घाटात जाम झालं, तर मागची चाकं जागीच अडकू शकतात. तिथे मासळीबरोबर चालकाचा जीवही पणाला लागतो.