ओरडणारा आधी की गप्प पडलेला?

२० मार्च २०२१. खेडजवळ लोट्याच्या एमआयडीसीत स्फोट झाला, माणसं गेली. अशा वेळी आपल्याकडे काय होतं? जो जोरात ओरडतो तो पहिल्या रिक्षात! अहो, ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. गप्प पडलेल्याचं काय?

नियम साधा आहे. चालता येतंय तो हिरवा, थांबेल. मिनिटाला तिसाच्या वर श्वास, तो लाल, आधी न्या. ही वर्गवारी, गर्दी हटवणं, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट, सगळं एकाच्याच हुकमाने चालायला हवं. अग्निशमन दल म्हणजे नुसता पाण्याचा बंब नव्हे!

सर्व्हर पडला तर काय करायचं याची आपण रंगीत तालीम करतो. मग माणसं पडली तर काय करायचं, याची तालीम रत्नागिरीच्या रिक्षास्टँडवर का नको?