वड्याआधीचे कर्जत

कर्जतची खाद्यओळख विचारली की स्थानकावरचा बटाटेवडा पुढे येतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पुढे चढणीसाठी जादा इंजिन जोडायला गाड्या कर्जतला थांबत, त्या थांब्यावर वडा खपला. त्यातला बटाटा आणि मिरची मूळची अमेरिकेतली.

भिवपुरी-कर्जतच्या रानातली पाकविद्या याहून जुनी आहे. पावसाच्या तोंडावर ठाकर-कातकरी स्त्रिया शेवळांच्या जुड्या विकायला आणतात. शेवळे घशाला खाजतात. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात. हा उतारा कुणी शोधला, याची नोंद नाही.

भूमध्यसागरी आहारपरंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. तिच्यात रानभाज्या वेचण्याचे ज्ञानही मोलाचे मानले जाते. इथला खाद्येतिहास मात्र अजून रेल्वेपासूनच सुरू होतो. ज्यांच्या टोपलीत शेवळांसोबत काकडेही असतात, त्या स्त्रियांना त्यात एक ओळही मिळत नाही.