बाजूच्या लेनकडे बघायचं नाही!

माझी भाची बारावीत आहे. पहाटे शिवाजी पार्कचा तलाव, मग कॉलेज, मग क्लास. ‘या वर्षी पोहणं बंद,’ असं ताईनं जाहीर केलं, तर पठ्ठी रडली नाही. अभ्यासाचं टाइमटेबल लिहून तिनं फ्रिजवर चिकटवलं!

‘कशासाठी गं एवढा आटापिटा?’ मी विचारलं. तिनं विरधवल खाडेच्या फोटोकडे बोट दाखवलं. कोल्हापूरच्या या पोरानं २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ जिंकलं. पोहण्यात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं पदक!

धडा मात्र ती स्वतः हरून शिकलीय. गेल्या वर्षी शेवटच्या पाच मीटरला तिनं बाजूच्या लेनकडे पाहिलं आणि मेडल गेलं. ‘मावशी, २००८ला बीजिंगमध्ये फेल्प्स एक शतांश सेकंदानं जिंकला. मान वळवायला त्याहून जास्त वेळ लागतो!’

आता तिला प्रॅक्टिकल आणि प्रॅक्टिस, दोन्ही जमू देणारं इंजिनिअरिंग कॉलेज हवंय. विद्यापीठाच्या टीममधून उतरायचंय. ताई अजून ‘प्रिलिमपर्यंत बघू’ एवढंच म्हणते.

मी ऑफिसला आले. अप्रेझलचा महिना. शेजारच्या क्युबिकलकडे वळलेली मान गुपचूप सरळ केली.